शनिवारचा भाव: कृष्णाकाठच्या एका घराच्या हळदीवर लोकांचा विश्वास कसा बसला

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक घर. थोडी बागायत, त्यात ऊस आणि आलटून पालटून हळद. आजोबांपासून एकच पद्धत, हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून पोती भरायची आणि सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याकडे टाकायची, सौद्यात निघेल तो भाव घेऊन घरी यायचं. २०२० च्या हंगामात ह्या घरातल्या थोरल्या पोराने ठरवलं की काही पोती सौद्याला न पाठवता दळून पाकिटं करायची आणि थेट गिऱ्हाइकाला विकायची. आज त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला आहे आणि त्यातले कितीतरी लोक दरवर्षी फेब्रुवारी आला की स्वतःहून विचारतात, नवी हळद कधी निघणार. त्यांच्या पोस्ट, व्हिडिओ, पाकिटावरचा मजकूर हे काम मी सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर करतोय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहावं वाटलं. कंटेंट मार्केटिंग, म्हणजे पोस्ट-व्हिडिओतनं धंद्याची ओळख करून देणं, हे रोज काहीतरी टाकत राहायचं काम आहे, हा समज आपल्याकडच्या छोट्या धंदेवाल्यांत लै पसरलाय आणि त्यापायी चांगली चांगली माणसं दमून सोडून देतात, ते बघवत नाही. घराचं नाव देत नाही, विक्रीचे आकडे पण देत नाही, ते त्यांच्या धंद्याचे आहेत. पोराला इथे दादा म्हणतो आणि त्याच्या वडिलांना आबा, गिऱ्हाईक पण त्यांना तसंच म्हणतं.

आधी अडचण काय होती ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातनंच आलं. हळद ही अशी वस्तू आहे की पूड झाली की घेणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. यार्डात सौद्याला खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडतो, मोडताना आवाज कसा येतो त्यावरून वाळलंय का नाही ओळखतो, आतला रंग बघतो, गड्डा म्हणजे मधला जाड कंद किती आणि त्याला फुटलेली हळकुंडं किती ते बघतो, मग बोली लावतो. घरात भाजीला हळद घालणाऱ्या बाईला ह्यातलं काहीच करता येत नाही, तिच्या हातात एक बंद पाकीट असतं आणि पाकिटावर सगळ्यांनी तेच लिहिलेलं असतं, शुद्ध, अस्सल, घरगुती. वर भेसळीच्या बातम्या. मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळतात, लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा रंग पॉलिश करताना हळकुंडाला लावतात म्हणजे माल चकचकीत दिसतो, आणि शिसं लहान पोरांच्या मेंदूला किती घातक आहे ते आता सगळ्यांना माहिती आहे. बांगलादेशात ह्यावर २०१९ मध्ये संशोधन बाहेर आलं, तिथल्या सरकारने बाजारात धाडी घातल्या, लोकांना जागं केलं आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातल्या हळदीतलं शिसं जवळपास गेलं. म्हणजे होऊ शकतं. पण आपल्याकडे पाकीट घेणाऱ्याच्या मनात भीती बसली ती बसलीच, आणि ती बरोबरच आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फायदा होईल असं दादाला वाटत होतं. थोडा झालाही, नाव ऐकलेलं असतं म्हणून माणूस थांबतो. पण सांगली ही हळदीची मोठी पेठ आहे, इथे मराठवाड्यातली हळद येते, कर्नाटकातली येते, अजून कुठली कुठली येते आणि इथनं देशभर जाते. त्यामुळे पाकिटावर सांगली लिहिलंय एवढ्यावरनं आतला माल कुठल्या रानातला ते कळत नाही. नावाने दार उघडतं, आत बसायला जागा मात्र आपली आपण करायची असते.

पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका एजन्सीने पॅकेज दिलं होतं, महिन्याला तीस क्रिएटिव्ह म्हणजे तयार डिझाइनच्या पोस्ट, सणावारांच्या शुभेच्छा, रेसिपीचे रील, वगैरे. दादा बऱ्यापैकी तयार झाला होता. मी त्याला एकच विचारलं, ह्यातली कुठली पोस्ट तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या पाकिटाखाली चालणार नाही? सगळ्याच चालल्या असत्या. मग बसून असं ठरवलं की रोज काही टाकायचं नाही, आठवड्याला एकदाच टाकायचं पण ते कधीही चुकवायचं नाही, आणि जे टाकायचं ते असं पाहिजे की कुणालाही पडताळून बघता येईल. आबा म्हणाले, "मग भाव टाका की. भावाइतकं खरं काय असतंय? सगळ्यांस्नी दिसतोय त्यो."

तिथनं शनिवारचा भाव सुरू झाला. पोस्ट अगदी साधी, पहिल्या आठवड्यापासून आजपर्यंत तिचा साचा बदललेला नाही. वर तारीख. खाली सांगली यार्ड, राजापुरी हळकुंड (राजापुरी ही इकडची हळदीची जात), क्विंटलचा कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, सर्वसाधारण भाव. त्याच्या खाली आपल्या अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत. आणि शेवटची ओळ, घरात शिल्लक पोती इतकी. बस. फोटो नाही, डिझाइन नाही, एकच पिवळी पट्टी आणि तोच फॉन्ट. बाजार समितीचे भाव रोज जाहीर होतात, ज्याला शंका असेल त्याने बघून घ्यावं.

शिल्लक पोत्यांची ओळ मी मुद्दाम घालायला लावली होती आणि दादाला ती सुरुवातीला पटली नव्हती, कारण कुठला व्यापारी आपला स्टॉक सांगतो? पण विचार करा, ह्या एका ओळीने काय होतं. मार्चमध्ये माल तयार झाला की पोत्यांचा आकडा जाहीर होतो आणि मग तो दर शनिवारी कमीच होत जातो. मधेच वाढला तर लोक विचारणार, कुठनं आला? म्हणजे बाहेरचा माल आणून आपल्या पाकिटात भरायची सोयच मालकाने स्वतःहून बंद करून टाकली. माझ्या मते ह्या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. जाहिरात बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला बांधायला केली जाते, ही पोस्ट मालकाला बांधून घेते आणि गिऱ्हाईक ते हळूहळू ओळखतं. ओळखायला वेळ लागतो हे खरं, पहिलं सहा-आठ महिने कुणी काही बोलत नव्हतं, दोन-चार अंगठे यायचे, तेवढंच.

त्याच सुमाराला लॉकडाऊन लागला आणि हळदीला एकदम मागणी आली, आठवत असेल तुम्हाला, २०२० चा उन्हाळा, घराघरात हळदीचं दूध आणि काढे. जो तो पाकिटावर इम्युनिटी लिहायला लागला. दादाकडे रोज फोन यायचे, हळदीने कोरोना होत नाही ना, किती घ्यायची. तो तरी किती वेळा नाही म्हणणार, पण म्हणाला. आपल्याकडे अन्नपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला कायद्याने बंदी आहे, एफएसएसएआय ह्या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, ते आम्ही वाचले होते. पण नियम नसता तरी लिहिलं नसतं, कारण आबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते की हळद ही भाजीत घालायची वस्तू हाय, औषध पाहिजे तर डॉक्टरकडं जावं. ते वाक्य आम्ही जसंच्या तसं पोस्ट केलं. त्या उन्हाळ्यात शेजारचा माल दुपटीने खपला आणि ह्यांचा बेताने. पुढे वर्ष-दीड वर्षाने त्याच लोकांनी येऊन सांगितलं की तुम्ही तेव्हा खोटं बोलला नाहीत म्हणून नंबर ठेवला होता.

नंबर ठेवण्यावरनं आठवलं, हे जरा तपशिलात सांगतो कारण छोट्या धंद्याला मोजमाप कशाचं करायचं तेच कळत नाही. लाईक आणि व्ह्यू बघून काही कळत नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट असते, एका लिस्टीत २५६ माणसं बसतात, आणि तिचा नियम असा की ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. लोकांना ही अडचण वाटते. आम्ही त्यालाच माप केलं. शनिवारचा मेसेज टाकला की किती जणांना दोन टिका पडल्या ते दादा वहीत लिहायचा. ज्याने नंबर सेव्ह केला त्याने तुम्हाला आपल्या फोनमध्ये जागा दिली, नाव काहीही असूदे, कुणी हळदवाले दादा म्हणून केला, कुणी सांगली हळद म्हणून. त्या वहीतला आकडा मुंगीच्या पावलाने वाढला पण मागे कधी आला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात व्हॉट्सॲपचे चॅनल आले, तेव्हा बऱ्याच जणांनी सगळं तिकडं नेलं. ह्यांनी चॅनल काढला, पण लिस्ट सोडली नाही, कारण चॅनलवर माणूस नुसतं बघतो, लिस्टीवर उलट बोलतो, आणि धंद्याला ते बोलणंच पाहिजे असतं.

भावाशिवाय दुसरी गोष्ट होती ती रानातलं वर्ष. अक्षय्य तृतीयेच्या पुढे लागण, जेठ्या गड्ड्याचं बेणं कसं निवडतात, पावसाळ्यात भरणी म्हणजे बुडाला माती लावणं, ऑगस्टमध्ये पानावर करपा रोग आलाय का, डिसेंबर-जानेवारीत पाला वाळायला लागतो तो, मग पाला कापणी, काढणी, शिजवणं, वाळवण. प्रत्येक टप्प्याचा एकच व्हिडिओ, दीड-दोन मिनिटांचा, आबा बोलणार आणि दादा फोन धरणार. दरवर्षी तोच टप्पा, त्याच बांधावर उभं राहून. दुसऱ्या वर्षी मला स्वतःला शंका होती की लोक म्हणतील हे तर गेल्या वर्षी बघितलं. झालं उलटंच, लोक तुलना करायला लागले. कोथरूडच्या एका काकूंनी लिहिलं की गेल्या साली ह्या दिवसात पानं आबांच्या छातीला लागत होती, यंदा कमरेलाच आहेत, पाऊस कमी झाला का? त्या काकूंनी आयुष्यात हळदीचं रान बघितलेलं नव्हतं. बघा आता, ज्या बाईला पाकिटातली पूड बघून काही कळत नव्हतं तिला दोन वर्षांत पीक वाचता यायला लागलं. यार्डात हळकुंड मोडून बघणाऱ्याला जी पारख असते तिचा थोडासा तरी भाग तिच्याकडे आला, आणि तो आला एकच जागा, एकच वेळ, एकच माणूस धरून ठेवल्यामुळे. जागा बदलली असती, दरवेळी वेगळं काहीतरी भारी शूट केलं असतं तर तुलनाच करता आली नसती.

शिजवण्याचा व्हिडिओ सगळ्यात जास्त बघितला गेला. पूर्वी काहिलीत म्हणजे मोठ्या कढईत शिजवायचे, आता गावात वाफेचा कुकर येतो, ट्रॅक्टरला जोडून रानातच लावतात. आबा शिजलेलं हळकुंड घेतात, त्यात काडी टोचतात, सहज गेली की झालं म्हणतात. मग पुढचे बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. शंभर किलो ओली हळद वाळून वीस-बावीस किलोवर येते. ही ओळ आबांनी सहज बोलून टाकली होती आणि पुढे भावाच्या भांडणात तीच कामाला आली, ते खाली येतंयच.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगतो. दुसऱ्या वर्षी ठाण्याच्या एका ताईंचा मेसेज आला, सोबत फोटो. पांढऱ्या ओढणीवर हळदीचा डाग पडला, त्यांनी साबण लावला आणि डाग लालभडक झाला. त्यांचं म्हणणं, दादा, तुमच्या हळदीत रंग आहे. त्यांनी तो फोटो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकला होता, तिथे दादाचं पाच-सहा घरांचं गिऱ्हाईक होतं. दादा घाबरला, पैसे परत देतो म्हणाला. आबा आणि वहिनी मात्र हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत, वहिनींनी फोन घेतला आणि स्वयंपाकघरातच व्हिडिओ केला. पांढऱ्या ताटलीत चिमूटभर हळद, त्यावर चार थेंब चुन्याची निवळी. लाल. मग त्याच लाल झालेल्या हळदीवर लिंबू पिळलं. परत पिवळी. आणि म्हणाल्या, ताई, आपल्या कपाळाचं कुंकू असंच हळदीपासनं करत आलेत, हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की ती लाल होती, साबणात पण तसलाच खार असतोय, म्हणून तुमचा डाग लाल झाला, तो आता पाण्यानं धुवा आणि ओढणी उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हानं उडतो.

ताईंनी करून बघितलं आणि तो व्हिडिओ स्वतःच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर हा प्रश्न महिन्यातनं एकदा तरी येतोच, आणि दरवेळी तोच व्हिडिओ जातो. मध्ये मी म्हणलं होतं की नवा करूया, प्रकाश चांगला घेऊ, वहिनी नको म्हणाल्या, जो बघून लोकांना पटलंय तो कशाला बदलायचा. त्यांचंच बरोबर होतं. त्याला जोडून एक गोष्ट आम्ही लिहून ठेवली, की नेटवर ॲसिड टाकून हळद तपासायचे व्हिडिओ फिरतात ते अर्धवट असतात. तीव्र ॲसिडने खरी हळद पण गुलाबी दिसू शकते, पाणी घातलं की ती गुलाबी छटा जाते, मेटॅनिल यलो असेल तर ती राहते. हा फरक न सांगता लोक घाबरवतात. घरी ॲसिड हाताळू नका हेही लिहिलं. घरातल्या घरात करायचं तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ठेवा, खाली बसली आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक, पाणी गडद पिवळं झालं तर शंका घ्या, एफएसएसएआयने लोकांसाठी सांगितलेल्या साध्या तपासण्यांत ही आहे.

पण शेवटी शिशासाठी लॅबच लागते. दरवर्षीचा माल दळला की एक नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला जातो आणि रिपोर्टचं पान न पान पोस्ट होतं, कापून नाही, सहीशिक्क्यासकट. शिसं दहा पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) आत पाहिजे, ओलावा दहा टक्क्यांच्या आत, लेड क्रोमेटची टेस्ट निगेटिव्ह. एका वर्षी ओलावा मर्यादेत होता पण काठावर आला, तेव्हा तेही लिहिलं की यंदा वाळवणीत ढगाळ हवा लागली, पाकीट फोडलं की कोरड्या डब्यात काढा. लोक कर्क्युमिनबद्दल, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाबद्दल, फार विचारतात, मेघालयच्या लाकाडोंग हळदीत सात टक्के आणि वर असतं, तुमच्यात किती? दादा रिपोर्टमधला आकडा सांगतो आणि म्हणतो, लाकाडोंगपेक्षा कमीच आहे, राजापुरीला तेवढं नसतं, आमच्या हळदीची गंमत रंगात आणि वासात आहे, तुम्हाला कर्क्युमिनच पाहिजे असेल तर लाकाडोंग घ्या. अशाने गिऱ्हाईक जातं असं वाटेल, काही जातंही. पण हे उत्तर पाच वर्षं तेच आहे आणि जो गेला तो दादाबद्दल वाईट बोलत गेला नाही.

जुलै २०२१ चा पूर. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला तेवढं नव्हतं, पण ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरंच वर आलं आणि खालचं रान पाण्यात गेलं. हळदीच्या मुळात पाणी साचलं की कंदकूज ठरलेली. त्या शनिवारी भावाखाली एकच ओळ जास्त होती, खालचं रान पाण्याखाली आहे, पुढच्या वर्षी पोती कमी निघतील. पुढच्या मार्चला खरंच कमी निघाली आणि दिवाळीच्या आधीच शिल्लक शून्यावर आली. मागणी होती, तेव्हा दादाने यार्डातनं चांगलं राजापुरी हळकुंड निवडून घेतलं, दळलं, पण पाकिटाची पट्टी पिवळीऐवजी हिरवी केली आणि वर छापलं, सांगली यार्डातून घेतलेली हळद, आमच्या रानातली नाही. रिपोर्ट त्याचाही टाकला. काहींनी घेतली, काही मार्चपर्यंत थांबले.

आता भावाचं. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला हळदीचे भाव पडलेले होते, शेतकरी हळद सोडून दुसऱ्या पिकांकडे चालला होता. आणि आपण दर शनिवारी तो पडलेला भाव स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाला पाठवतोय. साहजिक लोकांनी हिशेब केला. क्विंटलला सात हजार म्हणजे किलोला सत्तर, मग तुमचं अर्ध्या किलोचं पाकीट एवढ्याला का? नाशिकच्या एका गृहस्थांनी तर सरळ लिहिलं की ही लूट आहे. दादा म्हणाला, दादा म्हणण्यापेक्षा अख्ख्या घरानेच म्हणलं की भाव टाकणं बंद करूया, आपणच आपल्या पायावर दगड मारून घेतोय. मी अडून बसलो आणि आबाही अडून बसले. पडत्या भावात पोस्ट बंद केली असती तर चढत्या भावात ती परत सुरू करायचं तोंड राहिलं नसतं, एवढाच माझा मुद्दा होता. आबांचा मुद्दा वेगळा, ते म्हणाले, "लोकं इचारत्यात म्हंजे वाचत्यात. सांगा की त्यास्नी, खर्च कुठं कुठं हुतोय."

म्हणून हिशेबाची पोस्ट केली, आणि ती ह्या पाच वर्षांतली सगळ्यात जास्त पुढे पाठवलेली पोस्ट आहे. वहीचं पानच, दादाच्या अक्षरात. निवडून घेतलेल्या हळकुंडाची किंमत, सरासरी मालाची नाही, कारण गड्डा आणि बारीक कणी आपण बाजूला काढतो. पॉलिशमधली घट. दळणातली घट आणि दळणावळ. पाकीट, कारण उजेडाने हळदीचा रंग उतरतो म्हणून आरपार दिसणारं स्वस्त पाकीट चालत नाही. लॅबचा खर्च. पाच टक्के जीएसटी. एसटी पार्सल किंवा कुरिअर. फुटलेली, परत आलेली पाकिटं. आणि शेवटी आमचा नफा इतका, हाही आकडा लिहिला. शंभर किलो ओल्याची वीस-बावीस किलो होते हे लोकांनी व्हिडिओत आबांच्या तोंडून आधीच ऐकलं होतं, त्यामुळे शेतकऱ्याला सत्तर रुपये किलो मिळणं म्हणजे काय तेही काही जणांच्या लक्षात आलं, आणि चर्चा पाकिटावरनं शेतकऱ्याच्या भावावर गेली. त्या नाशिकच्या गृहस्थांनी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी ऑर्डर मात्र दिली.

आणि मग २०२३ च्या जूनपासून भाव जे उसळले ते थांबेनात. लागण कमी झाली होती, पाऊस लांबला, त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. एनसीडीईएक्स ह्या शेतमालाच्या वायदेबाजारात मे महिन्यात क्विंटलला सात-आठ हजारांच्या आसपास असलेली हळद ऑगस्टमध्ये पंधरा हजारांच्या पुढे गेली. यार्डात पण तेच. किराणा दुकानात एकदम किंमत वाढली आणि लोक दुकानदाराशी भांडायला लागले, स्वस्तातल्या पाकिटांवर संशय घ्यायला लागले. ह्या घराला काय करावं लागलं? काहीच नाही. लोक दर शनिवारी भाव चढताना बघतच होते. दादाने घरची पोती जुन्या भावाची होती म्हणून काही आठवडे किंमत तशीच ठेवली, मग शनिवारच्या पोस्टमध्ये लिहिलं की पुढच्या शनिवारपासून पाकीट इतक्याने वाढेल, कारण तुमच्या समोरच आहे. कुणी तक्रार केली नाही असं म्हणत नाही, पण ज्या तक्रारी आल्या त्यांना उत्तर दादाच्या आधी दुसऱ्या गिऱ्हाइकांनीच दिलं. एका बाईंनी लिहिलं, ह्यांनी सत्तर रुपये असताना पण सांगितलं होतं. हे वाक्य विकत घेता येत नाही. जाहिरातीवर कितीही पैसे घाला, पडत्या भावात स्वतःच्या गैरसोयीचं खरं बोललेलं असल्याशिवाय ते कुणी तुमच्यासाठी बोलणार नाही.

ह्या प्रकरणातनं बाकी धंद्यांना काय घेता येईल असं मला विचारतात, बेदाण्याचे लोक, गुळाचे लोक, एक पेढेवाले पण. मी त्यांना शनिवारच्या भावाची नक्कल करू नका म्हणतो. तुमच्या धंद्यात असा कुठला आकडा आहे जो तुम्हाला माहिती आहे, गिऱ्हाइकाला माहिती नाही, बाहेर पडताळता येतो, आणि वर्षातले काही महिने तो तुमच्या विरोधात जातो, तो शोधा. बेदाण्याला गंधकाची धुरी दिली का नाही आणि किती, हा असा प्रश्न आहे, पिवळा बेदाणा पिवळा का राहतो हे तासगावात शेडवर प्रत्येकाला माहिती असतं आणि खाणाऱ्याला नसतं. गुळात रंगासाठी काय घातलं, हा दुसरा. तो आकडा सापडला की साचा ठरवा, वार ठरवा आणि मग अंगावर काटा आला तरी तो वार चुकवू नका. ज्यांना असा आकडाच सांगायचा नाही त्यांनी खुशाल शुभेच्छांचे पोस्टर टाकावेत, पण त्याने विश्वास बसेल ही आशा धरू नये.

सध्या त्यांच्यासमोर वेगळाच पेच आहे. मागणी घरच्या रानाला पुरत नाही आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांची हळद ह्याच नावाखाली घ्यायचं चाललंय, दोघेही आबांच्या ओळखीचे, एकाच पाटाच्या पाण्यावरचे. पण शिल्लक पोत्यांची ओळ मग कुणाची? तीन घरांची एकत्र सांगितली तर पहिल्या दिवसापासूनचा हिशेब मोडतो. आत्ता असं ठरतंय की प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर छापायचा, त्या नंबरावरनं रान कळेल, आणि शनिवारी पोत्यांच्या एका ओळीच्या जागी तीन ओळी जातील. ते दोघे शेतकरी आपला स्टॉक असा चारचौघांत सांगायला अजून तयार नाहीत. आबा त्यांच्याशी बोलतायत. मार्चच्या आत त्यांचं नक्की झालं नाही तर यंदाही एकच ओळ जाईल आणि पोती संपली की विक्री बंद.